वहीत उरलेल्या विहिरी



शाळेच्या व्यासपीठावर बोलायचे म्हणून मी आयर्लंडमधील शाळकरी मुलांनीच जतन केलेला एक इतिहास निवडला आहे.

१९३५ साली तेथे लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात २६ परगण्यांतील सुमारे ५,००० शाळांतील मुले निबंधाऐवजी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या हकिकती लिहू लागली. त्यांना दिलेल्या विषयांत एक होता पवित्र विहिरींचा.

या विहिरी म्हणजे बहुधा लहानसे जिवंत झरे. आयरिश भाषेत विहिरीला ‘तोबर’ म्हणतात. ‘तोबर ना सूल’, म्हणजे डोळ्यांची विहीर, हे नाव अनेक गावी आढळते. भाविक सूर्याच्या गतीने प्रदक्षिणा घालतात, पाणी डोळ्यांना लावतात, शेजारच्या झाडाला चिंधी बांधतात. चिंधी कुजत जाईल तसे दुखणे ओसरेल, अशी श्रद्धा. मुलांनी आणखीही लिहिले आहे: हे पाणी स्वयंपाकाला नेले तर उकळत नाही, कोणी त्यात मळके कपडे धुतले तर विहीर रुसते आणि रातोरात दुसरीकडे जाऊन उगवते.

प्रथम वाचताना मला या कथा भाबड्या वाटल्या. पुढे त्यांतला व्यवहार ध्यानात आला. जिथे वैद्य दूर आणि पैसा दुर्मिळ, तिथे पाणी निर्मळ ठेवण्याचा दंडक सांगायला विहिरीच्या रुसव्याइतका प्रभावी उपाय कोणता? या पाण्याने रोग बरे होत, असे मी म्हणत नाही. पण गरिबांची वेदना आणि त्यांची आशा यांचा पुरावा म्हणून या वह्यांचे मोल मी फार मोठे मानतो.

या श्रद्धेवर राजसत्तेचाही रोष होता. १७०४ च्या कायद्याने अशा यात्रांना जमणाऱ्यांस दहा शिलिंग दंड ठरवला. तो न भरल्यास फटके. एकोणिसाव्या शतकात, जत्रांतील मद्यपान आणि मारामाऱ्या पाहून, कॅथलिक धर्मगुरूंनीही त्यांना विरोध केला. तरीही क्लेअर परगण्यातील लिस्कॅनर येथे संत ब्रिजिटच्या विहिरीवर आजही माणसे जातात.

अनेक झरे मात्र बुजले, विस्मरणात गेले. ते उरले आहेत ते कुणा बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हस्ताक्षरात. कायदा, धर्मपीठ आणि काळ यांच्यापुढे आजीचा शब्द टिकला, तो एका गुरुजींनी गृहपाठ दिला म्हणून. शाळेचे ऋण मोजताना, मित्रहो, हेही मोजावे, इतकीच माझी विनंती.