खानेसुमारीच्या चिठ्ठीपासून डॅशबोर्डावरील फिल्टरपर्यंत : निवडीच्या एका साधनाचा इतिहास

व्यापारी पेढ्या, शासकीय खाती आणि विद्यापीठे यांच्या कार्यालयांत ‘डॅशबोर्ड’ नावाचा जो संगणकीय फलक हल्ली वापरण्यात येतो, त्याच्या एका कडेला बहुधा काही चौकटी असतात : वर्ष, जिल्हा, शाखा, मालाचा प्रकार इत्यादी. त्यांपैकी एखादीत खूण केली की फलकावरील सर्व आकडे व आलेख तत्काळ बदलतात. या चौकटींस ‘फिल्टर’ असे नाव आहे. हे साधन इतके परिचित झाले आहे की त्यास काही इतिहास असेल अशी शंकाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः हा इतिहास शंभर वर्षांहून अधिक जुना असून त्याचा संबंध केवळ यंत्रविद्येशी नसून प्रमाणविचाराशीही आहे. निवडीची क्रिया जसजशी सुलभ होत गेली, तसतसा वगळलेला भाग पाहणाऱ्याच्या दृष्टीआड होत गेला, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१

मोठ्या माहितीसंग्रहातून विशिष्ट अटींत बसणाऱ्या नोंदी वेगळ्या काढण्याची गरज प्रथम तीव्रतेने भासली ती खानेसुमारीच्या कामात. अमेरिकेच्या १८८० च्या खानेसुमारीची कोष्टके हातांनी तयार करण्यात दशकाचा बहुतेक काळ खर्ची पडला. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी हर्मन हॉलरिथ यांनी छिद्रित पत्त्यांचे यंत्र तयार केले. त्याचे एकस्व त्यांस १८८९ साली मिळाले व १८९० च्या खानेसुमारीत ते वापरण्यात आले. प्रत्येक व्यक्तीसाठी एक पत्ता आणि तिच्या प्रत्येक गुणधर्मासाठी पत्त्यावर ठरावीक जागी एक छिद्र, अशी ही योजना होती. यंत्राच्या सुया छिद्रांतून पार होऊन खालच्या पाऱ्यास टेकल्या म्हणजे विजेचे मंडल पूर्ण होई व तबकडीवरील गणना एकाने पुढे सरके. निरनिराळी मंडले एकत्र जोडून अनेक अटी एकाच वेळी पूर्ण करणाऱ्या व्यक्तींचीही मोजणी करता येई. आजच्या फलकावर दोन चौकटींत खुणा करून जे साधले जाते, त्याचे हे पूर्वरूप होय.

हिंदुस्थानात याच सुमारास निराळा मार्ग अवलंबण्यात आला. १९०१ च्या खानेसुमारीत मूळ बव्हेरियातून आलेली चिठ्ठी-पद्धती स्वीकारण्यात आली. गणनापत्रकातील प्रत्येक व्यक्तीची माहिती एका स्वतंत्र चिठ्ठीवर उतरवून घ्यावयाची आणि मग ज्या कोष्टकाचे काम हाती असेल त्याच्या सदरांप्रमाणे त्या चिठ्ठ्या कप्प्यांत वाटून मोजावयाच्या, अशी ही रीत होती. दुसऱ्या कोष्टकासाठी त्याच चिठ्ठ्या पुन्हा एकत्र करून नव्याने वाटाव्या लागत.

या दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान होती व ती येथे महत्त्वाची आहे. निवड करणाऱ्या कारकुनासमोर वगळलेल्या चिठ्ठ्यांचाही ढीग पडलेला असे. निवडलेल्या व उरलेल्या यांची बेरीज मूळ संख्येशी जुळते की नाही, हे पाहणे हा कामाचाच एक भाग होता. निवड कष्टाची होती. परंतु या कष्टातच तिची साक्षही जपली जात होती.

२

‘बिझनेस इंटेलिजन्स’ हा शब्दप्रयोग आज ज्या अर्थाने रूढ आहे, त्याच्या पूर्वेतिहासात हान्स पीटर लून यांच्या १९५८ च्या निबंधाचा निर्देश करावा लागतो. आय. बी. एम. या कंपनीत काम करणाऱ्या लून यांच्यासमोर आकड्यांचा नव्हे, तर कागदपत्रांचा प्रश्न होता. संस्थेत येणाऱ्या प्रत्येक लेखाचा गोषवारा यंत्राने तयार करावा, प्रत्येक विभागाच्या कार्यविषयांचा एक आराखडा यंत्रापाशी असावा आणि त्या दोहोंची तुलना करून ज्याचा त्यास उपयुक्त तेवढाच मजकूर पोहोचवावा, अशी त्यांची कल्पना होती. म्हणजे या संज्ञेच्या मुळाशीच ‘ज्याला जे हवे तेवढेच’ हे गाळणीचे तत्त्व होते, असे म्हणावयास हरकत नाही.

यापुढील टप्पा एडगर कॉड यांचा. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांच्या रूपाने मांडण्याची उपपत्ती सांगितली. तिच्या आधारे डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली जी प्रश्नभाषा मांडली, तीच पुढे ‘एसक्यूएल’ या नावाने सर्वत्र पसरली. या भाषेत गाळणीसाठी दोन निरनिराळे शब्द आहेत. ‘व्हेअर’ हा शब्द बेरीज वा सरासरी काढण्यापूर्वी नोंदी गाळतो. ‘हॅविंग’ हा गटवार बेरजा तयार झाल्यावर त्या गटांना चाळणी लावतो. हा भेद वरवर व्याकरणाचा वाटला, तरी आधी गाळून मग मोजणे आणि आधी मोजून मग गाळणे या दोन भिन्न क्रिया आहेत व त्यांची उत्तरेही भिन्न येऊ शकतात. शिवाय या भाषेत अट लिहूनच द्यावी लागत असल्याने, उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे याचा पुरावा प्रश्नाच्या लेखी रूपात शिल्लक राहत असे.

३

ही लेखी अट दृष्टीआड होण्यास १९९० नंतर आरंभ झाला. अमेरिकेतील मेरीलंड विद्यापीठात बेन श्नाइडरमन व त्यांचे सहकारी यांनी १९९२ च्या सुमारास एक प्रयोग केला. वॉशिंग्टन परिसरातील विक्रीची घरे नकाशावर ठिपक्यांनी दाखविली होती. किंमत, खोल्यांची संख्या, कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर यांसाठी पडद्यावर सरकत्या पट्ट्या होत्या. पट्टी सरकवताच अटीत न बसणारे ठिपके नाहीसे होत. प्रश्नभाषा न जाणणाऱ्या मनुष्यालाही माहितीशी संवाद करता येऊ लागला, हा या संशोधनाचा मोठा लाभ होय. याच परंपरेतून १९९६ साली ‘स्पॉटफायर’ ही कंपनी निघाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून २००३ साली ‘टॅब्लो’ निघाली, आणि २०१० च्या ‘एक्सेल’मध्ये ‘स्लायसर’ नावाच्या बटनांनी हीच सोय सामान्य कारकुनाच्या मेजावर आणून ठेवली.

येथे इतिहासाने एक वळण घेतले. कारकुनाच्या कप्प्यांत उरलेल्या चिठ्ठ्या दिसत होत्या. पडद्यावरचे ठिपके मात्र नाहीसेच होतात. जे नाहीसे झाले ते किती होते, हा प्रश्न विचारण्यास पाहणाऱ्यास काही निमित्तच उरत नाही.

४

याचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो हे दाखविण्यास दोन उदाहरणे पुरेशी आहेत. दोन्ही डॅशबोर्डाच्या पूर्वीची आहेत. परंतु त्यांतील दोष निवडीचाच आहे.

पहिले उदाहरण बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे. १९७३ साली तेथील पदव्युत्तर प्रवेशासाठी आलेल्या ८,४४२ पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्के, तर ४,३२१ स्त्री अर्जदारांपैकी सुमारे ३५ टक्के स्वीकारले गेले. यावरून स्त्रियांवर अन्याय झाल्याचा निष्कर्ष उघड दिसत होता. परंतु बिकेल, हॅमेल व ओकॉनेल यांनी १९७५ साली विभागवार पृथक्करण केले, तेव्हा बहुतेक विभागांत असा भेद आढळेना. सर्वांत मोठ्या विभागांपैकी एकात तर स्त्रियांचे प्रमाण ८२ टक्के व पुरुषांचे ६२ टक्के होते. ज्या विभागांत प्रवेश मिळणेच कठीण, तेथे स्त्रियांचे अर्ज तुलनेने अधिक होते, हे या विसंगतीचे कारण होते. येथे विभागाची गाळणी न लावल्यामुळे दिशाभूल झाली.

दुसरे उदाहरण नेमके उलट आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर नष्ट होऊन सात जणांचा अंत झाला. आदल्या रात्रीच्या चर्चेत अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कड्यांवर थंडीचा काय परिणाम होतो हा प्रश्न निघाला होता, आणि काही अभियंत्यांनी उड्डाणास विरोधही केला होता. तथापि चौकशी आयोगाने दाखवून दिले की, तुलना फक्त बिघाड आढळलेल्या उड्डाणांचीच करण्यात आली, आणि तेवढ्यावरून तापमानाशी काही संबंध दिसत नव्हता. निर्दोष उड्डाणेही हिशेबात घेतली असता चित्र पालटते. ६६ अंश फॅरेनहाइट वा त्याहून अधिक तापमानाच्या २० उड्डाणांपैकी केवळ ३ मध्ये बिघाड होता. ६३ अंश वा त्याहून कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत तो होता. वगळलेल्या नोंदींतच उत्तर दडले होते.

५

फिल्टर लावावा की लावू नये, असा सरसकट नियम या दोन उदाहरणांतून निघत नाही. निघतो तो एवढाच की, फिल्टर हे पाहणीचे उपकरण नसून प्रतिपादनाचा भाग आहे. एक साधे गणित पाहावे. समजा, एका संस्थेची एकूण विक्री १,००० असून रत्नागिरी जिल्ह्याची ८० आहे. फलकावर रत्नागिरीची चौकट निवडली असता जिल्ह्याचा वाटा ८ टक्के दिसेल की १०० टक्के? छेद गाळणीपूर्वी काढला तर पहिले उत्तर, नंतर काढला तर दुसरे. दोन्ही बिनचूक आहेत. मात्र ती एकाच प्रश्नाची उत्तरे नव्हेत. ‘व्हेअर’ व ‘हॅविंग’ यांतील क्रमाचाच हा प्रश्न फलकावरही कायम आहे. फरक एवढाच की, तेथे तो पडद्याआड सोडविला जातो.

म्हणून फलकावरून घेतलेला कोणताही आकडा प्रबंधात वा अहवालात उतरविताना तीन गोष्टी त्याच्यासोबत लिहिणे अवश्य आहे : कोणत्या अटी लावल्या, त्यांमुळे किती नोंदी बाहेर राहिल्या, आणि छेद कोणत्या संचाचा धरला. चिठ्ठ्या वाटणारा कारकून हे काम हाताने व डोळ्यांनी, न सांगता करीत असे. यंत्राने त्याचे श्रम वाचविले हे खरे. परंतु उरलेला ढीग मोजण्याचे त्याचे कर्तव्य यंत्राकडे गेलेले नाही. ते आता अभ्यासकाकडे आले आहे.