जाळीपाशीचा उलटा हात

टेनिसचे नाव काढले की आपल्या बीडकडचा माणूस म्हणतो, "तो साहेबांचा खेळ, आपल्याला काय त्याचे!" पण त्या खेळातली एक खुबी शाळेच्या भिंतीपाशीही शिकता येते. आज तिचीच हकीकत सांगतो.

१८७७ साली विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली. बहुतेक गडी मागे उभे राहून चेंडूचा टप्पा पडण्याची वाट पाहत. स्पेन्सर गोर मात्र जाळीपाशी धावे आणि टप्पा पडण्याआधीच चेंडू परतवी. अजिंक्यपद त्यानेच मिळवले. पुढच्याच वर्षी सिलोनच्या कॉफीमळ्यावरून रजेवर आलेल्या फ्रँक हॅडोने त्याच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकून त्याला हरवले! पहिल्या स्पर्धेत जाळी खांबांपाशी पाच फूट उंच होती. पुढे ती साडेतीन फुटांवर आली. मग जाळीपाशी उभ्या गड्याच्या बगलेतून चेंडू सणसणत जाऊ लागले. साहजिकच उलटा हात तयार ठेवणे भाग पडले.

आपल्याकडे उलट्या हाताबद्दल नाव घ्यावे ते सांगलीचे नंदू नाटेकर यांचे. पोरवयात ते टेनिस खेळत. ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले, आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ साली मलायातली सेलांगर स्पर्धा त्यांनी जिंकली. परदेशात अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू.

बॅडमिंटनमध्ये मनगट खेळते. टेनिसमध्ये जाळीपाशी ते घट्ट हवे. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डाव्या हाताने रॅकेटचा गळा सांभाळावा, खांदा वळवावा, उजवा पाय तिरपा पुढे टाकावा आणि चेंडू अंगाच्या पुढेच गाठावा. रॅकेट फार मागे नेऊ नये. चेंडू बडवायचा नाही, अडवायचा.

गुरुजी, भिंतीवर तीन फुटांवर खडूची रेघ ओढा. मुलाला सहा-सात फुटांवर उभे करा. रॅकेट नसली तर लाकडी फळी चालेल. चेंडू रेघेच्या वर मारायचा आणि टप्पा पडू न देता पुन्हा परतवायचा. आधी सलग पाच वेळा, मग दहा वेळा. घाई नको.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळवले. तो काही शहरातल्या धावपट्टीवर वाढला नव्हता. तेव्हा कोर्ट नाही म्हणून पोराचा हात अडू देऊ नका. भिंत तर प्रत्येक शाळेला आहेच की!