हवेतल्या चेंडूची कुळकथा

माझा आवडता कॉलेज फुटबॉल संघ १९१७ नंतर एकदाही मैदानात उतरलेला नाही. ज्या संस्थेच्या नावानं तो खेळायचा, ती १९१८ मध्ये बंद पडली. ती कॉलेज नव्हतीच. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाईल गावी अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींच्या मुलामुलींसाठी काढलेली सरकारी औद्योगिक शाळा होती ती. सुतारकाम, शिंपीकाम, लोहारकाम आणि जुजबी लिहिणं-वाचणं, एवढं तिथं शिकवत. त्या शाळेची पोरं हार्वर्ड, येल, पेनसिल्व्हेनिया, शिकागो अशा बड्या विद्यापीठांशी भिडली, आणि भिडता भिडता त्यांनी या खेळाला चेंडू फेकायला शिकवलं.

हा फुटबॉल अमेरिकेतला, लांबट चेंडूचा. आज तो पाहताना डोळे आपोआप चाल खेळवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हाताकडे जातात. तो दोन पावलं मागे सरतो, हात उगारतो, चेंडू स्वतःभोवती गरगरत तीस-चाळीस यार्ड हवेतून जातो आणि धावत्या साथीदाराच्या ओंजळीत पडतो. या फेकीला फॉरवर्ड पास म्हणतात. सगळा खेळ हल्ली तिच्याभोवती फिरतो. पण १८६९ मध्ये रट्गर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला, तेव्हापासून पुढची सदतीस वर्षं चेंडू पुढे फेकायला नियमानं बंदी होती.

त्या काळात खेळ होता वजनाचा. चेंडू काखेत धरायचा आणि सगळ्यांनी मिळून समोरच्या रांगेत घुसायचं. १८९२ मध्ये हार्वर्डनं 'फ्लाइंग वेज' नावाची चाल काढली. खेळाडू पाचरीच्या आकारात एकवटून, दुरून धावत येऊन समोरच्या एखाद्याच गड्यावर आदळत. ती चाल पुढे बंद झाली, पण तिच्या भावंडांचा सुळसुळाट राहिलाच. हाडं मोडायची, डोकी फुटायची. धिप्पाड पोरं ज्यांच्याकडे, ती विद्यापीठं जिंकायची. श्रीमंत घरची, भरपूर खाऊन वाढलेली धिप्पाड पोरं हार्वर्ड-येलकडे होती. कार्लाईलकडे नव्हती.

कार्लाईलची पोरं तिथं आली कशी, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्यानं कार्लाईलच्या जुन्या छावणीत ही शाळा काढली. मूलनिवासी मुलाला त्याच्या माणसांपासून, भाषेपासून, देवादिकांपासून तोडलं की तो 'सुधारेल', हा त्याचा सिद्धान्त, आणि तो ते उघड बोलून दाखवायचा. पहिली तुकडी डाकोटा प्रदेशातल्या लाकोटा मुलांची. आल्या आल्या त्यांचे लांब केस कापले, अंगावर लष्करी थाटाचा गणवेश चढवला, मायबोलीत बोलायला मनाई केली. त्या तुकडीतल्या ल्यूथर स्टँडिंग बेअर यांनी मोठेपणी लिहून ठेवलंय की फळ्यावर इंग्रजी नावं लिहिलेली होती. हातात छडी दिली, त्यातल्या एकावर टेकवायला सांगितली, आणि तेच त्यांचं नाव झालं. वाचता येत नव्हतं, त्यामुळे आपण काय निवडलं हेही त्या क्षणी त्यांना ठाऊक नव्हतं. जॉन चोएट नावाचा गावातला छायाचित्रकार मुलांचे 'आधी' आणि 'नंतर' असे जोडफोटो काढायचा. ते देणगीदारांना दाखवले जात. शाळेच्या आवारात आजही शंभराच्या वर छोट्या कबरी आहेत.

अशा जागी फुटबॉल आला १८९० च्या सुमारास. आरंभीच्या एका सामन्यात एका मुलाचा पाय मोडला आणि प्रॅटनं बाहेरच्या संघांशी खेळणंच बंद केलं. काही काळानं मुलांचं शिष्टमंडळ त्याच्या कचेरीत गेलं. त्यांच्यातल्या उत्तम वक्त्यानं बाजू मांडली. प्रॅटनं आठवणींत हा प्रसंग दिला आहे. त्यानं दोन अटींवर परवानगी दिली: समोरच्यानं मारलं तरी उलट ठोसा लगावायचा नाही, आणि काही वर्षांत देशातल्या सर्वोत्तम संघाला हरवून दाखवायचं. पहिल्या अटीमागचं कारण मला फार बोचतं. एका मुलानं हात उचलला असता तर 'रानटी ते रानटीच' म्हणायला सगळा देश टपला होता. त्यामुळे मार खाऊन गप्प राहणं हा कार्लाईलच्या खेळाचा पहिला धडा ठरला. जिंकायचं तर पाय आणि डोकं, एवढंच हाताशी होतं.

पंचही कधी कधी विरुद्धच असायचे. १८९६ मध्ये न्यूयॉर्कला येलशी सामना होता. कार्लाईलच्या जेमिसननं अंगाला लोंबकळणाऱ्यांना झटकत चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला, म्हणजे टचडाउन केलं, पण खेळ आधीच थांबला होता म्हणून पंचानं ते नाकारलं. पंच होता विल्यम हिकॉक. तो येलचा माजी विद्यार्थी, आणि त्या हंगामात खुद्द कार्लाईलचा प्रशिक्षक! येल १२-६ नं जिंकलं. प्रेक्षकांत येलचे पाठीराखे भरपूर होते, तरी त्या निर्णयावर हुर्यो उडाली. त्या हंगामात कार्लाईलनं येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि पेनसिल्व्हेनिया या चारही बलाढ्य संघांशी सामने खेळले, आणि तेही बहुधा परक्या मैदानावर. हा संघ सदा प्रवासात असायचा. तिकिटांचा वाटा मोठ्या शहरांत मिळे, म्हणून आगगाडीनं तिकडे जायचं आणि खेळायचं. त्या पैशांतून शाळेत इमारती उठल्या.

१८९९ मध्ये ग्लेन 'पॉप' वॉर्नर प्रशिक्षक म्हणून आला. त्याच वर्षी आयझॅक सेनेका हा चेंडू घेऊन पळणारा हाफबॅक, फुटबॉलचा जाणकार वॉल्टर कॅम्प देशभरातले उत्तम खेळाडू निवडून जो मानाचा 'ऑल-अमेरिकन' संघ जाहीर करी, त्यात निवडला गेला. हा मान मिळवणारा तो पहिला मूलनिवासी खेळाडू. संघानं पेनसिल्व्हेनियाला हरवलं आणि नाताळच्या दिवशी पार सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन कॅलिफोर्निया विद्यापीठाला २-० असं नमवलं.

वॉर्नरचं डोकं सतत नियमांतल्या फटी शोधत असायचं. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी हार्वर्डविरुद्ध त्यानं जे केलं ते आजही लोक चवीनं सांगतात. शाळेच्या शिंप्याकडून चार्ल्स डिलन या लाकोटा खेळाडूच्या जर्सीच्या पाठीत खालून इलॅस्टिक शिवून घेतलं होतं. उत्तरार्धाच्या सुरुवातीला हार्वर्डनं चेंडू मारला, जिमी जॉन्सननं तो झेलला, सगळे त्याच्याभोवती गोळा झाले, आणि क्षणात चेंडू डिलनच्या पाठीत गेला. मग सगळे पांगले. हार्वर्डची मुलं दिसेल त्याला पाडत सुटली. रिकाम्या हातांनी पळणाऱ्या डिलनकडे कोण बघतो? तो जवळजवळ अख्खं मैदान धावून गेला, आणि रेषेपलीकडे साथीदारानं पाठीतून चेंडू ओढून काढून जमिनीवर टेकवला. अशी चाल ऑबर्नच्या संघानं १८९५ मध्येही केली होती, तेव्हा शोधाचं श्रेय कार्लाईलचं नाही. पण हार्वर्डच्या मैदानावर ती करून दाखवायला छाती लागते. कार्लाईलकडे ११-० अशी आघाडी होती. शेवटी हार्वर्डनं सामना १२-११ असा ओढून नेला.

कार्लाईलची सगळी कीर्ती अशा चतुराईवर उभी आहे असं पुष्कळदा लिहिलं गेलंय. मला ते अपुरं वाटतं. वर्तमानपत्रं तेव्हा या मुलांच्या 'जन्मजात धूर्तपणा'बद्दल लिहायची. ही मुलं रोज कवायतीसारखा सराव करत होती, एकेक चाल शंभरदा घोटत होती, हे त्या शब्दांत बुडून जातं. पाठीत चेंडू लपवणं एकदाच जमतं. फॉरवर्ड पासचं तसं नाही. समोरच्याला तो येणार हे ठाऊक असतं, तरी अडवता येत नाही.

पासला वाट मिळाली ती मृत्यूंमुळे. १९०५ च्या हंगामात फुटबॉल खेळताना १८ जण दगावल्याची मोजणी वर्तमानपत्रांनी केली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून बजावलं. १९०६ मध्ये नवे नियम आले. तीन प्रयत्नांत पाच यार्डांऐवजी दहा यार्ड पुढे सरकणं भाग पडलं, म्हणजे नुसत्या रेटारेटीवर भागेना. दोन्ही रांगांमध्ये मोकळी पट्टी आली. आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. मात्र ती हात आखडता घेऊन दिलेली: कोणाचाही स्पर्श न होता चेंडू खाली पडला, तर तो थेट प्रतिस्पर्ध्याला जायचा. बड्या संघांनी मनाशी म्हटलं, कशाला जोखीम घ्या!

पहिला कायदेशीर पास ५ सप्टेंबर १९०६ रोजी सेंट लुई विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सननं कॅरल कॉलेजविरुद्ध टाकला. नोंद त्याच्या नावावर आहे आणि ती रास्त आहे. पण पूर्वेकडच्या मातब्बरांनी ते मनावर घेतलं नाही.

मधली तीन वर्षं कॉर्नेलला काढून वॉर्नर १९०७ मध्ये कार्लाईलला परतला आणि त्यानं पोरांना चेंडू फेकायला लावलं. तेव्हाचा चेंडू आजच्याहून जाडजूड, रग्बीच्या चेंडूसारखा. एका हातात नीट मावायचाही नाही. टोकाशी बोटं रोवून, सुटताना मनगटाला पीळ देऊन फेकला तर तो गरगरत सरळ जातो, हे मुलांनी घोटून घोटून अंगवळणी पाडलं. टस्करोरा जमातीचा फ्रँक माउंट प्लेझंट आणि शायान जमातीचा पीट हाउझर हे फेकणारे; विल्यम गार्डनर आणि डेलावेअर जमातीचा अल्बर्ट एक्झेंडाइन हे कडेनं सुसाट जाऊन झेलणारे. कार्लाईलनं आणखी एक गोष्ट साधली. पळणं, लाथेनं मारणं आणि फेकणं, तिन्ही चाली एकाच मांडणीतून सुरू व्हायच्या. चेंडू सुटेपर्यंत समोरच्याला कळायचंच नाही की आता यातलं काय येणार.

२६ ऑक्टोबर १९०७. फिलाडेल्फियाचं फ्रँकलिन फील्ड, समोर अपराजित पेनसिल्व्हेनिया, म्हणजे 'पेन'. हाउझरनं चाळीसेक यार्ड लांब फेकलेला चेंडू गार्डनरनं धावता धावता झेलला. त्या लांबीचा, त्या नेमाचा पास तोवर पूर्वेकडे कोणी पाहिला नव्हता. पेनचे बचावपटू पुढे आले तर डोक्यावरून चेंडू, मागे सरले तर समोरून धाव. निकाल २६-६. पेननं त्या हंगामात दुसरा एकही सामना गमावला नाही. दोन आठवड्यांनी हार्वर्डही २३-१५ नं पडलं. हार्वर्डवरचा तो कार्लाईलचा पहिला विजय.

मग शिकागो. तिथले प्रशिक्षक ॲमॉस अलाँझो स्टॅग यांनी पासवर तोड काढली होती: झेलणाऱ्यांना रांगेतच धक्के देऊन अडवायचं. एक्झेंडाइननं काय करावं? तो मैदानाच्या रेषेबाहेर गेला, बाकांमागून वळसा घालून पुढे पुन्हा आत शिरला, आणि हाउझरनं टाकलेला चेंडू एकटाच उभा राहून झेलला. त्या वेळच्या नियमांत यात काही गैर नव्हतं. पुढे नियम बदलावा लागला. कार्लाईल १८-४ नं जिंकलं. हंगामात दहा विजय, प्रिन्स्टनकडून एकच हार. माझ्या लेखी आधुनिक फुटबॉलचा जन्म त्या दोन महिन्यांत झाला.

जिम थॉर्पचं नाव लोकांना ठाऊक असतं, म्हणून त्याच्याबद्दल थोडक्यात. तो सॅक अँड फॉक्स जमातीचा, ओक्लाहोमाकडचा. ११ नोव्हेंबर १९११ रोजी दुखऱ्या पायानं खेळून त्यानं हार्वर्डविरुद्ध लाथेनं चेंडू मारून चार फील्ड गोल केले. कार्लाईल १८-१५ नं जिंकलं. पुढल्या उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदकं मिळवली. पूर्वी थोड्या पैशांवर बेसबॉल खेळल्याच्या कारणानं १९१३ मध्ये ती काढून घेण्यात आली. त्या स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ साल उजाडलं. तोवर त्याला जाऊन सत्तर वर्षं होत आली होती.

९ नोव्हेंबर १९१२ च्या सामन्यापाशी मात्र मी रेंगाळणार आहे. कार्लाईलचा संघ वेस्ट पॉइंटला, लष्करी अकादमीच्या 'आर्मी' संघाशी खेळायला गेला. समोरचे कॅडेट उद्याचे सेनाधिकारी. वुंडेड नी इथं लष्करानं लाकोटा बायकापोरांसह शेकडो माणसं मारली, त्याला तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती. हे तुमच्या वाडवडिलांशी लढलेल्यांचे वारस आहेत, असं वॉर्नरनं मुलांना सामन्याआधी सांगितल्याची कथा आहे. सांगायची गरज असेल असं मला वाटत नाही. ओजिब्वे जमातीचा गस वेल्च हा क्वार्टरबॅक डोक्यानं खेळवणारा. रांगेच्या दोन्ही टोकांना एकेक हाफबॅक ठेवणारी 'डबल विंग' ही नवी मांडणी घेऊन ते उतरले. कोणत्या बाजूनं घाव येणार याचा कॅडेटांना पत्ता लागेना. आर्मीचा कर्णधार डेव्होर चिडून कार्लाईलच्या जो गायनच्या अंगावर धावून गेला आणि मैदानाबाहेर काढला गेला. थॉर्पला जायबंदी करायला धावलेले दोन कॅडेट एकमेकांवर आपटले. त्यांतला एक पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला ड्वाइट आयझेनहॉवर. कार्लाईलच्या ॲलेक्स आर्कासानं तीन टचडाउन केली. कार्लाईल २७, आर्मी ६. 

शेवट गोड नाही. १९१४ मध्ये संसदेच्या समितीनं शाळेची चौकशी केली. ती मागणाऱ्या अर्जावर सह्या गोळा करण्यात गस वेल्च पुढे होता. फुटबॉलच्या पैशांचा कारभार आणि वॉर्नरची शिवीगाळ यांबद्दल खेळाडूंनीच साक्षी दिल्या. ज्यानं जिंकायला शिकवलं त्याच्याविरुद्ध बोलायचं, हे मला कोणत्याही टचडाउनइतकंच मोठं वाटतं. वॉर्नर पिट्सबर्गला निघून गेला. १ सप्टेंबर १९१८ ला शाळा बंद होऊन महायुद्धातल्या जखमी सैनिकांचं रुग्णालय झाली. आज तिथं लष्कराचं वॉर कॉलेज आहे. २०१७ पासून कबरींतल्या मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत जाऊ लागले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

संघाची एकूण नोंद १६७ विजय, ८८ पराभव, १३ बरोबरी. माणसं मात्र खेळात राहिली. एक्झेंडाइन वकील झाला, जॉर्जटाउनसह अनेक कॉलेजांचा प्रशिक्षक झाला आणि आपली फेकझेल पुढच्या पिढ्यांना शिकवत राहिला. वेल्चनंही वकिलीची पदवी घेतली आणि वॉशिंग्टन स्टेटच्या संघाला घडवलं. १९२० मध्ये ओहायोतल्या कँटनला व्यावसायिक संघांची जी संघटना उभी राहिली आणि पुढे एनएफएल म्हणून ओळखली गेली, तिचा पहिला अध्यक्ष जिम थॉर्प होता. १९२२ आणि १९२३ हे दोन हंगाम त्या संघटनेत ओरँग इंडियन्स नावाचा संघ खेळला. त्यातले सगळे खेळाडू मूलनिवासी होते, आणि त्यांतले कित्येक कार्लाईलचे.