आग्रहाचा पेला

दारूबंदीचा इतिहास सांगणारे बहुधा दोनच गोष्टी सांगतात. सरकारने कोणते कायदे केले, ही पहिली. आणि सुधारकांनी कोणता उपदेश केला, ही दुसरी. तिसरी सांगायची राहून जाते, ती आग्रहाची. पंगतीत “एवढी एक जिलेबी आमच्याकडून” असे म्हणून पान भरणारी आपली माणसे आहेत. तोच आग्रह बैठकीत “एक घोट तरी घे, आमची शपथ” असे म्हणू लागतो. पुष्कळ माणसे पहिला पेला घेतात तो दारूच्या ओढीने नव्हे, समोरच्याचे मन मोडवत नाही म्हणून; आणि सोडलेली दारू पुन्हा धरतात तीही पुष्कळदा याच कारणाने.

या विषयावर बोलण्याचा सोलापूरला खास अधिकार आहे. १८७७ साली येथे जुनी मिल सुरू झाली, मागाहून आणखी गिरण्या आल्या. तेलंगण, कर्नाटक, मराठवाडा अशा चहूबाजूंनी माणसे आली. दिवसभर साच्यांचा गोंगाट, सुताची धूळ आणि रात्री दाटीची खोली, असे त्यांचे जिणे. अशा माणसाला सोबत हवी असते, आणि सोबत जेथे मिळे तेथे बहुतेक वेळा शिंदी किंवा ताडीही असे. त्यात कामगारांची भरती जॉबरच्या हाती. जॉबरला खूश ठेवावे लागे, त्याला पैसे चारावे लागत, ही गोष्ट १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगापुढेही आली. ज्याच्या शब्दावर उद्याची हजेरी अवलंबून, त्याने पुढे केलेल्या पेल्याला नाही म्हणणे सोपे नव्हते. तेथे आग्रह आणि हुकूम यांत फारसे अंतर उरत नाही.

दारूत सरकारचाही स्वार्थ होता. १८७८ च्या अबकारी कायद्याने झाडांवर कर बसला, दुकानांना परवाने लागले आणि सरकारी तिजोरी भरू लागली. पुण्यात महात्मा फुले यांनी १८८० साली नगरपालिकेचे सभासद असताना वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली ती याच काळात. पुढे १९३० च्या कायदेभंगात शिंदीची झाडे तोडणे हा चळवळीचा एक भाग झाला. त्या वर्षी ८ मे रोजी सोलापुरात रूपाभवानीच्या परिसरात झाडे तोडणाऱ्यांना पोलिसांनी पकडले, जमाव जमला आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. १२ मे रोजी शहरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. पुढच्या वर्षी १२ जानेवारीला मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यास फासावर गेले. त्या दिवसांची सुरुवात शिंदीच्या झाडांपासून झाली होती, हे आपल्या शहराने विसरता कामा नये.

परंतु कुऱ्हाडीने झाड पडते, आग्रह पडत नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० मध्ये राज्यभर पूर्ण दारूबंदी झाली. तेव्हा शिंदीची जागा हातभट्टीने घेतली. पुढे कायदा सैल होत गेला. पिण्यासाठी परवाना हवा, ही अट कागदावर आजही आहे. पण लग्नाच्या वरातीत किंवा ढवाऱ्याच्या जेवणात परवाना कोण विचारतो? झाड आणि दुकान ही सरकारच्या हातातली. “घे की रे” हा शब्द मात्र आपल्या तोंडातला. गाव करी ते राव न करी, ही म्हण येथे चपखल बसते.

हा रोग आपल्याच देशातला आहे असेही नव्हे. बेंजामिन फ्रँकलिन १७२५ च्या सुमारास लंडनच्या एका छापखान्यात कामाला होता. सोबतचे कामगार दिवसभर बिअर पीत, हा पाणी पिई. म्हणून त्यांनी त्याची “पाणीवाला अमेरिकन” अशी थट्टा केली. दुसऱ्या खात्यात गेल्यावर तेथल्यांनी बिअरसाठी पुन्हा वर्गणी मागितली. याने नकार देताच त्याचे जुळवलेले खिळे रोज कोणीतरी विस्कटू लागले. दोन-तीन आठवड्यांनी त्याने निमूटपणे वर्गणी भरली. सोबत्यांशी वैर धरले नाही, पण पाणीही सोडले नाही; आणि काही दिवसांत त्यांच्यापैकी कित्येकांना सकाळच्या बिअरऐवजी गरम पेज घ्यायला लावली. दुसरे उदाहरण प्रेस्टनचे, सोलापूरसारख्याच सुताच्या गावाचे. शाळा न शिकलेला, लहानपणी माग चालवलेला जोसेफ लिव्हसी याने १८३२ साली आणखी सहा जणांसह दारू पूर्ण वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा केली. त्या चळवळीने नुसत्या सह्या घेतल्या नाहीत; दारूविना बसण्या-जेवण्याची ठिकाणेही उघडली. माणसाकडून गुत्ता सोडवायचा तर त्याला बसायला दुसरी जागा दिली पाहिजे, हे तिला कळले होते.

सोबतीची हीच शक्ती १९३५ साली अमेरिकेत एका शेअर-दलालाने आणि एका डॉक्टराने ओळखली. एक मद्यपी दुसऱ्या मद्यपीला सावरतो, या अनुभवातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना उभी राहिली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणातही उपचारानंतरच्या पाठपुराव्याला मोठे स्थान आहे. केंद्रातून माणूस बरा होऊन येतो. त्याची खरी परीक्षा पुढे मेहुण्याच्या लग्नात असते.

आम्ही यंत्रमागावरच्या आणि बांधकामावरच्या कामगारांत वावरतो. त्यांना आम्ही सांगतो ते असे. नकार थोडक्यात द्यावा: “मी घेत नाही.” कारण सांगितले की त्यावर वाद सुरू होतो. हातात सरबताचा किंवा सोड्याचा पेला आधीच असावा. रिकामा हात आग्रहाला बोलावतो. सोबत न पिणारा एक तरी माणूस असावा. जेवण लवकर करावे आणि बैठक रंगण्यापूर्वी उठावे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडताना डॉक्टरला विचारावे. अचानक थांबल्याने कंप सुटतो, झटके येतात, प्रसंगी जिवावर बेतते.

पण सारा भार न पिणाऱ्यावरच का टाकावा? संघटना म्हणून आम्ही शिकलो ते हे की एकट्याने मागितलेली पगारवाढ मिळत नाही, तसाच एकट्याचा नकारही टिकत नाही. इंग्लंडात गुत्त्यामध्ये पगार वाटण्याला १८८३ च्या कायद्याने बंदी करावी लागली. आपल्याकडे बोनसच्या दिवशीचे जेवण दुपारी, घरच्या मंडळींसह करायला कोणत्या कायद्याची वाट पाहायची? यजमानाने एकदा विचारावे, दुसऱ्यांदा विचारू नये. पाहुण्याने नको म्हटले तर त्याच्या ताटात भाकरी वाढावी आणि त्याला आपल्या शेजारी बसवावे. नकार पेल्याला असतो, माणसाला नव्हे. एवढे ज्या घरात पाळले जाईल, त्या घरातून दारू सोडलेला माणूस रात्री आपल्या पायांनी घरी जाईल आणि सकाळी कामावर येईल.