धाबे, कठडा आणि परवाना

घराच्या छपराविषयीचा जगातील एक अतिप्राचीन नियम आपल्या घरातील बायबलमध्येच आहे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, अशी आज्ञा आहे. वरून कोणी पडून दगावल्यास त्या रक्तपाताचा दोष घरावर येऊ नये, हे तिचे कारण. त्यात ना कराचा उल्लेख आहे, ना नकाशाचा. चिंता आहे ती केवळ माणसाच्या जिवाची. पॅलेस्टाईनमधील ती छपरे सपाट असत. लाकडावर काटक्या आणि वर माती. म्हणूनच कफर्णहूम येथे चौघा जणांना छप्पर उकलून पक्षघाती मनुष्याला प्रभू येशूसमोर खाली सोडता आले.

अशाच छपरांची परंपरा आपल्या वऱ्हाडात आहे. अमरावती धर्मप्रांतात मोडणारा वाशिम जिल्हा म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचा, वत्सगुल्माचा प्रदेश. इंग्रजी अमदानीत ‘बाशीम’ हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. राज्ये आली आणि गेली. गावकऱ्याचे घर मात्र पिढ्यान्‌पिढ्या धाब्याचेच राहिले. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर दांड्या आणि सर्वांवर चोपून बसविलेली माती. उन्हाळ्यात आत गारवा, वर वाळवणाला आणि निजायला जागा. पावसाळ्यापूर्वी नव्या मातीचा थर चढवावयाचा, म्हणजे झडीत घर गळत नसे.

या बांधकामाला लेखी परवाना नव्हता. पण नियम होते. गावाची वस्ती ‘पांढरी’त आणि शेती ‘काळी’त, ही मर्यादा सर्वमान्य होती. खणांचे माप सुताराच्या हाती असे. आपल्या पन्हाळीचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडू नये, ही रीत होती आणि तंटा झालाच तर पाटील व पंच तो मिटवीत.

स्वातंत्र्यानंतर या रीतीची जागा कायद्याने घेतली. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ ने गावात इमारत बांधण्यास पंचायतीची पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. अर्ज दिल्यापासून दोन महिन्यांत पंचायतीने लेखी उत्तर न दिल्यास परवानगी मिळाली असे मानावे, अशीही त्यात तरतूद होती. ग्रामस्थाच्या सोयीची ही तरतूद. परंतु तिचा दुसरा अर्थ असा की, कोणीही न पाहिलेले घर कायद्याने मंजूर ठरू शकत होते. घरपट्टी आकारताना मात्र घर मातीचे, दगडविटांचे की काँक्रीटचे, हे आवर्जून पाहिले जाई. करासाठी छप्पर मोजले गेले. त्याखाली झोपणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी ते क्वचितच तपासले गेले.

या उपेक्षेची किंमत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या मराठवाड्याने मोजली. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. तेथे धाब्याला ‘माळवद’ म्हणतात. मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि वर्षानुवर्षे थरावर थर चढून जड झालेले माळवद निजलेल्यांच्या अंगावर आले. जेथे लाकडी खणांचा सांगाडा मजबूत होता, तेथे भिंती ढासळूनही काही छपरे उभी राहिली. दोष मातीचा नव्हता, बांधणीचा होता. शिवाय त्या काळच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे दुरुस्तीच्या कामात भिंतींना आरपार दगड घालणे, आडवे पट्टे बांधणे आणि छपरावरील मातीचा भार कमी करणे, हे साधे उपाय शिकविले गेले.

आज धाब्याच्या जागी टिनपत्रे आणि स्लॅब आले आहेत. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीणमधून किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर बांधण्यास साहाय्य मिळते. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतांश भागासाठी एकत्रित बांधकाम नियमावलीही लागू झाली. तरीही, ‘घर पहावे बांधून’ म्हणणाऱ्या आपल्या समाजात परवाना म्हणजे एक दाखला, तो मिळाला की काम संपले, ही समजूत जात नाही. नीट न जखडलेला पत्रा वादळात उडून शेजाऱ्याच्या अंगावर पडतो आणि कठडा नसलेल्या स्लॅबवर मुले पतंग उडवितात. हे कोणताही दाखला थांबवू शकत नाही.

परवान्याचा कागद ग्रामपंचायत देईल. त्यामागील शेजारधर्म मात्र बांधणाऱ्यालाच पाळावा लागेल. नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी धर्मगुरूंना बोलाविण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने एकदा छपरावर चढून पाहावे: पत्रे घट्ट आहेत काय? भार भिंतींना पेलतो काय? कठडा आहे काय? मोशेच्या काळी दिलेली ती आज्ञा आपल्यासाठीही आहे.