मागच्या दिव्याचा अर्थ

मंडळी, एक साधा प्रश्न. गाडी चार रबरी टायरांवर उभी असते. तिचं लोखंड जमिनीला कुठेच टेकत नाही. मग इलेक्ट्रिशियन जेव्हा "अर्थिंग गेलंय" म्हणतो, तेव्हा नक्की काय गेलेलं असतं?

शब्द आला तारायंत्रातून. 1838 साली जर्मनीत श्टाइनहाइलनं दाखवून दिलं, की परतीची दुसरी तार ओढायची गरज नाही, जमीनच ते काम करते. तारेचा निम्मा खर्च वाचला! पुढे मोटारवाल्यांनी तीच युक्ती उचलली, फक्त जमिनीच्या जागी गाडीची बॉडी आली. बॅटरीचं एक टोक बॉडीला जोडायचं, दिव्यापर्यंत एकच वायर न्यायची, परत यायला सगळा पत्रा मोकळा. पत्रा नवा आहे तोवर हिशोब चोख.

हे सगळं उकरायचं कारण म्हणजे उमरेडला आमच्या काकाजींकडे असलेली 1971ची फियाट. म्हणायला फियाट, पण बनली कुर्ल्यात. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या आणि मग फियाटचा हात धरला. 1953 साली टॅरिफ कमिशननं सुचवलं, की ज्यांना इथे खरोखर गाडी बनवायची आहे त्यांनीच थांबावं. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. प्रीमिअर राहिली. 1964 साली 1100 डिलाइट आली, मागे ते शेपटीसारखे उभे पंख असलेली. 1974 साली तिचंच नाव पद्मिनी झालं. इटलीत 1100डी 1966 सालीच संपली होती. आपल्याकडे किरकोळ बदल करत ती 2000च्या आसपासपर्यंत बनत राहिली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर 2023च्या ऑक्टोबर अखेरीस काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. लायसन्स राजला शिव्या घालायच्या तेवढ्या घाला, पण इतकी वर्षं एकच गाडी बनल्यानं गल्लोगल्ली तिची वायरिंग तोंडपाठ असलेली माणसं तयार झाली, हेही खरं.

असो. काकाजींची तक्रार अशी, की डावीकडचा मागचा दिवा "कधी असतो, कधी नसतो". बल्ब दोनदा बदलून झाला, फ्यूजही बदलला. आमच्या धंद्यातला सगळ्यात नकोसा बग हाच, कधी येणारा, कधी न येणारा.

हा बल्ब दोन फिलामेंटचा असतो. 5 वॅटचं टेललाइटसाठी, 21 वॅटचं ब्रेकसाठी. दोघांचा परतीचा रस्ता एकच, होल्डरमधून बॉडीत. तो रस्ता गंजानं बंद झाला, की करंट गप्प बसत नाही, आडवाट शोधतो. लाइट बंद ठेवून ब्रेक दाबला, की करंट 21 वॅटच्या फिलामेंटमधून येतो, बॉडीत जाता येत नाही म्हणून 5 वॅटच्या फिलामेंटमधून उलटा वर चढतो, आणि नंबरप्लेटच्या नाहीतर उजवीकडच्या दिव्यातून घरी जातो. म्हणून डावा दिवा जेमतेम लाल, आणि नंबरप्लेटचा दिवा विनाकारण मिणमिणता.

खरी गंमत (गंमत कसली!) रात्रीची. लाइट चालू असताना टेललाइटचा करंट ब्रेकच्या वायरमधून पळवाट काढतो, त्यामुळे दिवा जवळजवळ नीट दिसतो. फेरी मारून बघणाऱ्याला सगळं ठीक. पण ब्रेक दाबला, की दोन्ही वायरींवर सारखेच 12 व्होल्ट येतात, करंटला जायला जागाच उरत नाही, आणि डावा दिवा चक्क विझतो. म्हणजे मागच्याला इशारा हवा नेमका त्याच क्षणी. उमरेड म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणीचं गाव. नागपूरपर्यंतच्या पंचेचाळीसेक किलोमीटरमध्ये मागे भरलेला ट्रक असणं हे रोजचं. काकाजी दर आठवड्याला अंधार पडल्यावर याच गाडीनं परतायचे.

बसस्टँडजवळच्या म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियननं मीटरला हातही लावला नाही. त्यानं एक वायर घेतली, एक टोक होल्डरला टेकवलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. दिवा लख्ख! "काकाजी, बल्ब किती बी बदलवा, अर्थिंगच नाही त काय पेटंन?" मी हौसेनं मल्टिमीटर लावून बघितला. दिवा चालू असताना होल्डर आणि निगेटिव्ह यांच्यात एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. इथे कितीतरी व्होल्ट दिसत होते. मग पॉलिश पेपरनं होल्डरची जागा चमकेपर्यंत घासली, नवी वायर थिंबल लावून डिक्कीतल्या स्वच्छ पत्र्याला कसली, वरून व्हॅसलीन फासलं. दीडशे रुपये.

काकाजींच्या डोक्यात आता एलईडी बसवायचं आहे. मी नको म्हटलंय. इंडिकेटरचा जुना फ्लॅशर आतली पट्टी करंटनं तापवून टिकटिकतो, एलईडीचा करंट त्याला पुरत नाही. फियाट निगेटिव्ह अर्थ आहे म्हणून निदान एलईडी पेटेल तरी. अँबॅसॅडरची मूळ मॉरिस ऑक्सफर्ड पॉझिटिव्ह अर्थ होती, तिच्यात बाजारातला एलईडी उलटाच बसतो. शिवाय 2021च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. फक्त मग ती रोजच्या वापरात चालत नाही. काकाजी म्हणाले, "मग दर बुधवारी नागपूरला काय बैलगाडीनं जाऊ?"