आखाजीचे तीन हिशेब

वैशाख शुद्ध तृतीयेस पंचांगकर्ते अक्षय्य तृतीया म्हणतात, आणि उर्वरित महाराष्ट्र त्या दिवशी साडेतीन मुहूर्तांतील एक मुहूर्त साधण्यासाठी सराफाच्या दुकानाची पायरी चढतो. परंतु तापी, गिरणा, पांझरा आणि बोरी या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे १९०६ साली इंग्रजांनी ज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले आणि आज जे जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत वाटले गेले आहे त्या जुन्या खानदेशात, ही तिथी आखाजी या नावाने ओळखली जाते आणि तिचा संबंध सोन्याशी थोडा व माणसांशी फार असतो. गुजरात-राजस्थानातील आखातीज या नावाशी आखाजीचे नाते उघड आहे. येथील कित्येक घरांत दिवाळीहूनही मोठा मानला जाणारा हा सण वस्तुतः खानदेशी कुटुंबाच्या वर्षाचा शेवटचा दिवस होय. गेलेले पितर, राबणारा सालदार आणि सासरी नांदणारी लेक या तिघांशी घराचे जे देणे-घेणे असते, त्याचा हिशेब याच तिथीस मांडण्याची वहिवाट आहे.

पहिला हिशेब पितरांचा. कुंभाराकडून आणलेली कोरी घागर सकाळीच पाण्याने भरावयाची, तिच्या तोंडावर लहानसे मातीचे भांडे बसवावयाचे, त्यावर नदीच्या वाळवंटात पिकलेले खरबूज, ज्याला इकडे डांगर म्हणतात, ते ठेवून शेजारी आंबा व सांजोरी मांडावयाची आणि गेलेल्यांचे स्मरण करून चुलीतल्या निखाऱ्यांवर पुरणपोळी-आमरसाची आगारी टाकावयाची, एवढाच हा विधी. वैशाखातील उन्हाने ओसरी तापलेली असते, कोऱ्या मातीतून पाणी पाझरून घागरीच्या अंगाला घाम फुटल्यासारखा दिसतो आणि तिच्या बुडाभोवती सारवलेल्या जमिनीवर ओलीचे वर्तुळ हळूहळू रुंदावत जाते. तृषार्त पितरांना पाणी पोहोचले याची याहून बोलकी पोच कोणी मागत नाही.

दुसरा हिशेब सालदाराचा. सालदार हा शब्द दोन्ही अंगांनी फारसी, आणि त्याचा व्यवहारही दप्तरी वळणाचाच असे: आखाजी ते आखाजी असे एक साल धरावयाचे, वर्षाची रक्कम व धान्य ठरवावयाचे, अडीनडीला उचल घ्यावयाची आणि पुढच्या आखाजीस बाकी काढून एक तर नवे साल धरावयाचे, नाही तर दुसऱ्या दारी जावयाचे. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू होऊन विलायतेतील गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, त्याच दशकात लोहमार्ग भुसावळ-जळगावपर्यंत येऊन पोहोचला, आणि मग खानदेशच्या काळ्या जमिनीत कापसाचे जे राज्य पसरले, त्यात बारमाही राबणाऱ्या या माणसाची गरज वाढतच गेली. मालकाच्या घरी वर्षभर जेवणारा, त्याच्या पोरांना खांद्यावर खेळवणारा सालदार हा घरचा की परका, या प्रश्नाचे उत्तर आखाजीच्या दिवशी मिळे. कारण घरच्या माणसाची बाकी कोणी काढीत नाही.

तिसरा हिशेब लेकीचा, आणि सणाचा सारा जीव त्यातच. शेते रिकामी झालेली, कापूस विकला गेलेला, धान्य कणगीत पडलेले आणि मृगाची पेरणी अजून महिनाभर लांब, असा हा काळ असल्यामुळे सासरच्यांना सुनेवाचून चालते, माहेरच्यांना लेकीला खाऊ घालणे जमते आणि भावालाही बैल मोकळे मिळतात. म्हणूनच दमणी जुंपून बहिणीस आणायला जाणारा मुराळी याच दिवसांत वाटेवर दिसे. माहेरी गौराई बसलेली असते. तीही सासरहून माहेरी आलेली लेकच अशी समजूत असल्याने देवी आणि माहेरवाशीण यांत फारसे अंतर उरत नाही. निंबाच्या फांदीला दोर बांधून झोके घेतले जातात, खापरावर मांडे उतरतात, वर्षभर मिटलेली तोंडे उघडतात आणि सासूपासून नणंदेपर्यंत सर्वांचा उद्धार गाण्यांतून मोकळेपणी होतो. जे घरात बोलता येत नाही ते झोक्यावर गाता येते, ही सवलत समाजाने वर्षातून एकदा दिली होती. तिला कोणी सनद दिली नव्हती, तरी कोणत्याही इनामापेक्षा ती निष्ठेने पाळली गेली.

या सवलतीची खरी किंमत श्रावणात कळते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी बसते, तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी सारी भाऊबंदकी मूळ घरी जमते आणि रोटांचा गहू घरातील पुरुषांच्या संख्येवर मोजून घेतला जातो. कुळाची मोजदाद श्रावणात धान्याच्या मापाने होते आणि त्या मापात लेक धरलेली नसते. तिची आठवण ठेवणारी तिथी वैशाखातली. एकाच समाजाने वंशासाठी एक सण आणि वंशाबाहेर गेलेल्या रक्तासाठी दुसरा सण राखावा, यात कुटुंबव्यवस्थेचे व्यवहारचातुर्य आहे आणि तिची अपराधी जाणीवही.

याच कुटुंबव्यवस्थेच्या मुळांचा शोध घेणाऱ्या इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्याची अखेरची वर्षे धुळ्यास काढली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तेथेच निवर्तले. भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावरील त्यांच्या लेखांनी विद्वानांत वादळ उठवले होते. विवाहाची मुळे वेद-महाभारतांत शोधणाऱ्या या पुरुषाचे दप्तर त्यांच्या पश्चात धुळ्याच्या संशोधन मंडळाने जतन केले. परंतु त्याच विवाहसंस्थेचा आतील बाजूने लिहिलेला, किंबहुना लिहिताच न येणाऱ्या स्त्रीने रचलेला, दस्तऐवज त्या काळात जळगावच्या एका शेतकरी घरात जात्यावर आणि शेतात तोंडी सिद्ध होत होता.

बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्यास जन्मल्या, तेराव्या वर्षी विवाह होऊन जळगावास आल्या आणि तिशीच्या सुमारास विधवा झाल्या. असोदे ते जळगाव हे अंतर जेमतेम दोन कोसांचे. तरीही माहेर हा त्यांच्या काव्याचा जन्मभराचा विषय झाला, कारण सासर-माहेरातील अंतर कोसांनी मोजले जात नसून परवानगीने मोजले जात असे. आखाजीवरही त्यांनी कविता केली आहे. त्यांच्या ओव्या पुत्र सोपानदेव आणि नात्यातील एका तरुणाने उतरून घेतल्या, ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या कविता प्रसिद्ध झाल्या. ज्या बाईचे नाव कोणत्याही शाळेच्या पटावर चढले नाही, तिचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास मिळाले. आईचे शब्द मुलाने जपले, हे मायलेकांच्या नात्याचे उदाहरण म्हणून आपण कौतुकाने सांगतो. पण ते शब्द मुळात लेकीचे आणि सुनेचे होते, हे सांगावयाचे राहून जाते.

पुढे कायद्याने लेकीकडे पाहिले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिला वडिलांच्या मिळकतीत वारस केले, १९९४ साली महाराष्ट्राने अविवाहित मुलींस वडिलार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला आणि २००५ च्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेदही पुसला. त्यानंतर तालुक्याच्या कचेऱ्यांत हक्कसोडपत्र नावाच्या कागदाचे महत्त्व वाढले. मुराळी होऊन आलेला भाऊच बहिणीला कचेरीत घेऊन जातो, ती दाखवलेल्या जागी सही करते, बाहेर आल्यावर तो तिला नवे लुगडे घेतो आणि आखाजीला घ्यायला येतो म्हणून सांगतो. तिने जमीन का सोडली असे कोणी विचारलेच, तर माहेर तुटू नये म्हणून, असे ती सरळ उत्तर देते, आणि त्या उत्तरात मूर्खपणा नसून वर्षानुवर्षांचा अनुभव असतो.

पितरांचा हिशेब घागरभर पाण्याने फिटतो. सालदाराची बाकी उभ्या उभ्या काढली जाते. लेकीच्या हिशेबात मात्र माहेर झोका, लुगडे आणि मांडे तिच्या नावे चोख मांडते, आणि तिने सोडलेली जमीन कोठेच जमा होत नाही.